बाबांना हरवायच्या युक्त्या

४ फेब्रुवारी
चष्म्याच्या दुकानातून

प्रिय काका,

आधी नमस्कार, मग मतलबाचं. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. घराच्या खोल्या दोन, आणि बाबांचे कान हल्ली इतके तिखट झालेत की मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाहेरून उत्तर येतं. म्हणून गिऱ्हाईक नसताना काउंटरवर बसून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठवा.

बाबांना मोतीबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. मी गावभर चष्मे विकते आणि मला सख्ख्या बापाचं हे गेल्या महिन्यात कळलं, यावर तुम्ही हसणार, तर आत्ताच हसून घ्या. अधूनमधून मी त्यांना दुकानात आणून अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायचे आणि ते खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवायचे. मला कोण अभिमान! गेल्या महिन्यात आम्ही तक्ता बदलला. बाबा आले, बसले, घसा साफ केला आणि नव्या तक्त्याकडे बघून जुना तक्ता म्हणून दाखवला. एक चूक नाही. इतकी वर्षं ते पाठ म्हणत होते, काका.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, उशीर कराल तितका काढायला अवघड जाईल. बाबा ऐकून घेतात आणि रोज सकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन शिकवायला जातात. स्टीअरिंग शिकाऊ माणसाच्या हातात असतं, पण शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. बाबांची सगळी मदार त्या ब्रेकवर. मध्यंतरी रस्त्यावर उडणाऱ्या काळ्या पिशवीला कुत्रा समजून ते ब्रेक मारायचे, ते एक वेळ चालून गेलं. परवा एका सायकलवाल्यासाठी मारलाच नाही. गाडी चालवणाऱ्या नवख्या मुलीनेच घाबरून दाबला म्हणून तो माणूस वाचला. तिने मला दुकानात येऊन सांगितलं. चष्म्याच्या फ्रेम बघायचं निमित्त करून आली होती, नजर तिची ठणठणीत.

त्याच दिवशी मी बाबांशी भांडले. ऑपरेशन चहा पिऊन होईपर्यंत संपतं, दुखत नाही, सगळं सांगून झालं. ते बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडत होते. म्हणाले, "मला एकदा हरव. हरवलंस तर तू म्हणशील त्या तारखेला जातो. तोवर हा विषय बंद."

त्यांना पक्कं ठाऊक आहे, घोडा कसा चालतो तेही मला विचारून घ्यावं लागतं. मी आता खेळ शिकायला बसले तर तेवढा वेळ त्या रस्त्यावरच्या माणसांकडे नाही. म्हणून तुमच्याकडे आले. घरात सगळे सांगतात, तुम्ही उभ्या जन्मात सराव केला नाहीत, बुद्धिबळाचं पुस्तक उघडलं नाहीत, आणि तरी लहानपणी सुट्टीभर बाबांना हरवत होतात. ती विद्या मला द्या. पोटात ठेवून काय करणार आहात?

काकूला नमस्कार.

तुमची
ढापणी
(दुसरं नाव तुम्ही मला शिल्लक ठेवलंय कुठे?)


१० फेब्रुवारी

ढापणे,

आशीर्वाद भरपूर. तुझं पत्र वाचून छाती फुगली, मग दादाच्या डोळ्यांचं वाचलं आणि ती परत जागेवर गेली. हा माणूस तक्ता पाठ करून बसला! शाळेत असताना कविता पाठ करायला सांगितली की पोटात दुखायचं त्याच्या.

तू योग्य दारात आलीस. बुद्धिबळ हा सोंगट्यांचा खेळ आहे असं सराव करणारे समजतात. तो समोरच्या माणसाचा खेळ आहे. माझं आयुष्य बुटांच्या दुकानात गेलं. अंगठा चेपणारा बूट घातलेल्या गिऱ्हाइकाला "वा, चालच बदलली की तुमची" एवढं म्हणायचं. तो आरशापर्यंत जातो, परत येतो आणि स्वतःच सांगतो, "बसला बुवा छान." दादालाही मी असेच बूट घातले.

तर ऐक. खेळी झटक्यात करायची. विचार करणाऱ्याला कुणी भीत नाही. न विचार करता खेळणाऱ्याला सगळे टरकतात, कारण त्यांना वाटतं याचा विचार आधीच झालाय. चूक झाली, प्यादं फुकट गेलं, की चेहरा पाडायचा नाही. खुर्चीत मागे रेलायचं आणि जेवण झाल्यासारखा सुस्कारा सोडायचा. हल्ला डावीकडे करायचा असेल तर उजव्या कोपऱ्यात टक लावून बसायचं, तिथे काही खजिना पुरलाय असं. मधूनमधून गुणगुणायचं, पण ओळ अर्धी सोडायची. समोरच्याचं निम्मं डोकं ती पुरी करण्यात जातं.

आणि ब्रह्मास्त्र. त्याने सोंगटी उचलली, दुसऱ्या घरात टेकवली, पण बोट अजून सुटलेलं नाही. त्या क्षणी, अगदी काळजीने, हळू आवाजात विचारायचं, "नक्की?" बास. मी या एका शब्दावर दादाचे कितीतरी वजीर खाल्लेत.

लढ. तारीख ठरवूनच ठेव दवाखान्याची.

तुझा जगज्जेता
काका

ता. क. : यांचं फार मनावर घेऊ नकोस. "नक्की?" हे मलाही रोज विचारतात, भाजीत मीठ घालताना. मी तरी कुठे हरलेय? भावोजींची काळजी घे. त्यांना गाडी शिकवायची बंद करता येते का बघ आधी. — काकू


१८ फेब्रुवारी

प्रिय काका,

हरले. इतक्या लवकर हरले की गॅसवर ठेवलेलं दूध तोवर उतूसुद्धा गेलं नव्हतं.

झटक्यात खेळले. बाबा म्हणाले, "घाई कसली? मागून कुणी हॉर्न वाजवतंय का?" सुस्कारा सोडला तर म्हणाले, "दमलीस?" गुणगुणले तर त्यांनी ओळ पुरी केली आणि वर माझा सूर कुठे घसरला तेही सांगितलं. आणि ब्रह्मास्त्र! त्यांनी उंट टेकवला, मी तुमच्यासारखा काळजीचा आवाज काढून म्हटलं, "नक्की?" ते हसायलाच लागले. बराच वेळ हसत होते. मग बोट उचललं आणि म्हणाले, "नक्की."

कोपऱ्यात टक लावून बघायची युक्ती मी सगळ्यात मन लावून केली होती. मान अवघडली. अर्धा डाव झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुठे बघतेय हे त्यांना दिसतच नाहीये.

काका, ते पट बघून खेळतच नाहीत. पाळी आली की आधी हात सगळ्या सोंगट्यांवरून फिरतो. "वाकड्या ठेवतेस, सरळ करतो," असं म्हणतात. सरळ काही करत नाहीत. बोटांनी बघतात. मी माझी खेळी तोंडाने सांगितली नाही तर म्हणतात, "काय खेळलीस ते बोल, खेळ म्हणजे काय चोरी आहे?" मी समोर बसून हे बघत होते आणि मला पुढची खेळी सुचेना. तशीही सुचली नसती म्हणा.

स्कूलच्या मालकांना मी भेटले. ते म्हणतात, तुमचे बाबा म्हणजे आमची सगळ्यात जुनी माणसं, त्यांना घरी बसा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणजे ते सांगणार नाहीत. मी सांगितलेलं बाबा ऐकणार नाहीत. उद्या सकाळी पुन्हा गाडी बाहेर पडेल आणि मी दुकानात बसून रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न ऐकेन.

याहून जालीम काही असेल तर सांगा.

ढापणी


२४ फेब्रुवारी

ढापणे,

"नक्की?"ला तो हसला? हसला?! माझ्या कारकिर्दीत असं कधी झालं नाही. तुझ्या आवाजात काळजी कमी पडली असेल.

असो. बोटांनी बघतो म्हणालीस, तिथे मला वाट सापडली. आपला तो पट माझ्या डोळ्यासमोर आहे. राजाच्या डोक्यावरचा खुंट मोडलाय ना अजून? मोडलेलाच असणार, माझ्याच हातून जिन्यावरून पडला होता. खुंट गेल्यापासून राजा आणि वजीर वरून चाचपले तर जुळे भाऊ. आता असं कर. या खेपेला सोंगट्या तू मांड. त्याच्या बाजूला राजाच्या घरात वजीर ठेव आणि वजिराच्या घरात राजा. त्याला वाटेल आपला वजीर निघाला शिकारीला, आणि प्रत्यक्षात राजेसाहेब एकटे मैदानात आलेले असतील. मग तुला बुद्धिबळ येवो न येवो, मात करायला शेंबडं पोरही चालेल.

ही लबाडी नाही. आमच्या दुकानात डबा एका मापाचा आणि आत बूट दुसऱ्या मापाचा निघाला तर आम्ही त्याला लबाडी म्हणत नाही, नजरचूक म्हणतो. आणि तो सायकलवाला माणूस मला सारखा आठवतोय. तो कोण, कुठला, कुणाचा, काही माहीत नाही, पण आठवतोय. तेव्हा काहीही करून दादाला त्या टेबलावर झोपव.

काका

ता. क. : मी हे पत्र टाकू देणार नव्हते. दिसत नाही त्या माणसाला असं फसवायचं? पण दुसरं काही मला सुचत नाही, म्हणून पोस्टात टाकतेय. तू तुझ्या मनाने ठरव गं. — काकू


६ मार्च

काका,

जिंकले.

एकदाच लिहितेय ते नीट वाचा, कारण मला पुन्हा सांगायचं नाही. बाबा हातपाय धुऊन आले तोवर मी मांडून ठेवलं होतं, तुम्ही सांगितलं तसं. त्यांनी सगळ्यांवरून हात फिरवला. खेळ सुरू झाला. त्यांनी वजीर म्हणून राजा बाहेर काढला आणि घराघराने पुढे आणायला लागले. मी माझा हत्ती समोर आणला, मग दुसरा. शेवटी म्हटलं, "बाबा, हा तुमचा राजा आहे. मात झाली."

त्यांनी तो हातात घेतला. अंगठ्याने त्याचं मोडलेलं डोकं चोळत बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मांडला होतास तू. पण गाडी सुरू करायच्या आधी आरसे बघायचं काम चालवणाऱ्याचं. मी बघितले नाहीत. हरलो." आणि उठून पटाची घडी घातली.

शब्दाचे पक्के निघाले. दुसऱ्या दिवशी स्कूलच्या मालकांकडे गाडीची किल्ली ठेवून आले. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर आले, पंचवीस तारीख पक्की झाली. मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणि तेव्हापासून घरात आवाज नाही. विचारलं तेवढं उत्तर. जेवतात, ते ताटातलं संपवायचं म्हणून. दुपारी खिडकीशी बसतात, खिडकीतून काय दिसतं त्यांना? काल मी पट पुढे ठेवला तर म्हणाले, "नको." एवढंच.

मला असं जिंकायचं नव्हतं. त्यांना दिसत नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, पण मी ते त्यांना पटावर मांडून दाखवलं. तुमचा राग आलाय मला. माझाही आलाय. तुमचा थोडा जास्त.

पंचवीसला सकाळी डोळा बरा होईल. माणूस पहिल्यासारखा होईल का, ते सांगा.

— मी


११ मार्च

ढापणे, पुढचं सगळं दादाला मोठ्याने वाचून दाखव. गाळलंस तर मला कळेल.

दादा,

राजा आणि वजिराची अदलाबदल माझी. तिची नाही. ती नको म्हणत असताना (ढापणे, तू नको म्हणाली नव्हतीस, पण वाच तसंच) मी तिला भरीला घातलं. ओरडायचं तर मला ओरड, इथवर ऐकू येईल असा ओरड. पण तू गप्प बसलायस म्हणे. ते करू नकोस. तू गप्प बसलेला मला लहानपणापासून बघवत नाही.

तो डाव रद्द समज. लबाडीने जिंकलेला डाव धरायचा नसतो, हे मी जन्मात पहिल्यांदा म्हणतोय, आणि तुझी भावजय शेजारी बसून डोळे मोठे करून बघतेय. डाव रद्द, पण ऑपरेशन रद्द नाही. (इथे त्याच्या तोंडाकडे बघ आणि मला कळव.)

आणि एक विचारतो. इतकी वर्षं तू बिनधास्त, ज्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला माहीत नाही अशांच्या शेजारी बसलास. एकाने तर म्हणे तुला भाजीबाजारात नेऊन घातलं होतं, तेव्हा तू टोमॅटो निवडत बसला होतास. आणि एवढ्याशा ऑपरेशनला घाबरतोस? घाबरतोस ना? मला सांग. मी कुणाला सांगणार नाही, ढापणीने ऐकलंच आहे.

मी आलो असतो. पण दुकानात जुना माल काढायचा सेल आहे, आणि दवाखान्याचा वास आला की मी आडवा होतो, हे तुला माहीत आहे.

तुझा
धाकटा


१६ मार्च

धाकट्या,

हे मी सांगतोय आणि ती लिहितेय. (खोलीत फेऱ्या मारत सांगतायत. मी लिहायची थांबले की पेनच्या आवाजावरून ओळखतात. — ढा.)

तुझं पत्र ऐकलं. डाव रद्द करायचं कारण नाही. मला माहीत होतं.

वजीर म्हणून पहिल्यांदा उचलला, तेव्हाच बुडाला बोट लागलं. आपल्या राजाच्या बुडाचं कापड कधीच निघून गेलंय. वजिराचं शाबूत आहे. तुला हे माहीत नाही, कारण तू सोंगट्या कधी उचलून डब्यात भरल्या नाहीस. ते काम माझं असायचं. (इथे माझं पेन थांबलं. ते म्हणाले, "थांबू नकोस, लिही.")

उचलला आणि मनात म्हटलं, हे बरं झालं. मग तो राजाच मी पुढे नेला.

पैज तिने लावली नव्हती, मी लावली. त्या सायकलवाल्याचा शर्ट मला दिसला तो अगदी काचेला खेटून गेल्यावर. घरी येताना ठरवलं, पुरे. पण ठरवणं सोपं, तोंडाने हो म्हणणं अवघड. म्हटलं हरलो की जावंच लागेल. मग पहिल्या डावाला हरायचं म्हणून बसलो आणि ऐन वेळी हात मागे आला. जिंकून मोकळा झालो. घाबरलो होतो. तू विचारलंस म्हणून सांगतो, हो.

आयुष्यभर मी दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन शेजारी बसलो. भाजीबाजारातही भीती वाटली नाही, कारण माझा ब्रेक माझ्या पायाखाली होता. तिथे त्या टेबलावर डोळा उघडा ठेवून पडायचं, गाडी डॉक्टरच्या हातात, आणि माझ्या पायाखाली काहीच नाही. दिवसभर तेच डोक्यात असतं, म्हणून गप्प होतो. तिला वाटलं, तिच्यावर रागावलोय. तिच्यावर कसा रागावेन? (मी जरा वेळ काही लिहिलं नाही. त्यांनीही "लिही" म्हटलं नाही.)

आता तुझ्या युक्त्या. ती सुस्कारा सोडायला लागली तेव्हाच ओळखलं, पत्रं कुठून येतायत ते. "नक्की?" ऐकलं आणि इतकं बरं वाटलं, तूच समोर बसलास असं वाटलं. लहानपणी तू हरलास की दोन दिवस जेवायचा नाहीस आणि आई माझ्याकडे बघायची. म्हणून मी हरायला शिकलो. चांगलं हरणं सोपं नसतं, समोरच्याला संशय येता कामा नये. सराव न करता जिंकता येतं हे तुझं म्हणणं खरं आहे. फक्त समोर हरायचा सराव केलेला माणूस बसलेला पाहिजे.

ऑपरेशन पंचवीसला सकाळी. तू ये असं मी म्हणत नाही. तुझा सेल आहे, वासाचंही मला माहीत आहे. नुसती तारीख कळवतोय.

दादा

काका, वरचं त्यांचं, हे माझं. त्यांना खरंच आधीच कळलं होतं, की माझ्या मनावरचं ओझं उतरवायला म्हणतायत, मला सांगता येत नाही. ते इतकं चांगलं हरतात की कळायला वाव नाही. पण पत्र सांगून झाल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "तारीख ठळक लिहिलीस ना?" तुम्ही या.


१९ मार्च

दादा,

एकही नाही? एकसुद्धा नाही? ज्या डावात मी प्यादं शेवटच्या घरात नेऊन त्याचा वजीर केला, तोही? तो डाव मी लग्न ठरताना सासऱ्यांना सांगितला होता! ज्यात तुझे दोन्ही हत्ती एका दमात घेतले, तो? तुझी भावजय मघापासून हसतेय, आणि तिच्या हसण्यावरून दिसतंय की तिला हे सगळं आधीच माहीत होतं.

मी येतोय. भांडायला येतोय असंच समज. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचतो. पट काढून ठेव. आणि या वेळी मुकाट्याने खरं खेळ.

धाकटा

ता. क. : दुकानातला सेल मी बघते, तसाही मीच बघते. हे दवाखान्यात पडले तर घाबरू नकोस. पाय उंचावर ठेवायचे आणि कुणीतरी "स्वस्तात देता का?" असं विचारायचं. ताडकन उठतात. — काकू


२८ मार्च

प्रिय काकू,

काका तुला उद्या परत पाठवतेय, जसा होता तसा. फोनवर त्यांनी तुला जे सांगितलं त्यातलं खरं किती ते कळावं म्हणून हे त्यांच्याच बॅगेत ठेवतेय. उघडून वाचतील, पण वाचू दे.

आदल्या संध्याकाळी ते आले ते बूटसुद्धा न काढता पटासमोर बसले. बाबांनी सोंगट्या हाताने चाचपत खरा डाव खेळला. काकूबाई, तुझ्या नवऱ्याची दयामाया न करता धूळधाण उडाली. काका पटाकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघरात आले, ताट घेतलं आणि दोनदा मागून वाढून घेतलं. "मी जेवतोय, दादा," असं बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होते. बाबा तिकडे खिडकीशी हसत होते. कितीतरी दिवसांनी हसले.

सकाळी दवाखान्यात बाबांना हिरवा अंगरखा घालून चाकाच्या खुर्चीत बसवलं. हात दोन्ही दांड्यांवर घट्ट, उजवा पाय पुढच्या पट्टीवर दाबून धरलेला. काकांनी तो पाय बघितला. नाकाला रुमाल लावून वाकले आणि बाबांच्या कानाशी म्हणाले, "नक्की?" बाबा इतके हसले की नर्स म्हणाली, हसू नका, रक्तदाब वाढेल. मग बाबांनी काकांचा हात धरला आणि म्हणाले, "दार लागेपर्यंत सोडू नकोस." काका दारापर्यंत खुर्चीच्या बरोबरीने चालत गेले. दार लागलं आणि ते तिथेच खाली बसले. पडले नाहीत, हे मी शपथेवर सांगते, बसले. मी पाय उंचावर ठेवले. नर्सला बिचारीला काही माहीत नाही, तिने विचारलं, "यांचं पण आज आहे का?" त्यावर उठले.

ऑपरेशन छान झालं. बाबा बाहेर येऊन म्हणाले, आतला चालवणारा बरा आहे, हात हलका आहे, फक्त बोलतो फार. दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतःच मागून घेतली. पैज नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी बाबांच्या समोर उभी, काका माझ्या मागे, रुमालासकट. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि म्हणाले, हळूहळू उघडा. बाबांनी उघडला. पापणी दोनदा फडफडली. डॉक्टर म्हणाले, "समोर भिंतीवरची अक्षरं वाचा बघू." बाबा भिंतीकडे बघेचनात. माझ्याकडे बघत होते.

म्हणाले, "हा लाल चष्मा कधी घेतलास?"

मी म्हटलं, "दोन वर्षं झाली, बाबा. घेतला त्याच दिवशी तुम्हाला दाखवला होता. तुम्ही छान आहे म्हणालात."

"तेव्हा दिसला नव्हता," बाबा म्हणाले. "आत्ता दिसला. छान नाहीये. अजिबात शोभत नाही तुला."

काका मागे फिस्सकन हसले. मला हसूही आलं आणि रडूही आलं, काकू, दोन्ही एकदम. काच ओली झाली म्हणून पुसायला मी चष्म्याला हात घातला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"काढू नकोस," ते म्हणाले. "अशीच उभी राहा जरा. बघू दे मला."

मी तशीच उभी राहिले. डॉक्टरांनीही घाई केली नाही.

तुझी
ढापणी